मार्चमधलं इंग्लंड: कुठे आपलं आपण, कुठे गाइडबरोबर

काका, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोघं नाशिकहून लीड्सला मुलीकडे जाणार आहात. तिला एवढी रजा नाही, त्यामुळे सतरा दिवसांतले बरेचसे दिवस तुमचे तुम्हालाच काढायचे आहेत. उन्हाळ्यात तिकिटं महाग, म्हणून एक तर दिवाळीनंतर नोव्हेंबरमध्ये, नाहीतर फेब्रुवारी-मार्चमध्ये. तुमचं म्हणणं, सगळं स्वतः बुक करू. काकूंचं म्हणणं, टूर घेऊ, डोक्याला ताप नको. त्यांचा गुडघा दुखतो आणि दोघंही शाकाहारी. तर टूर की स्वतः?

मी बरीच वर्षं भारतातून येणाऱ्या ग्रुपांबरोबर टूर मॅनेजर म्हणून फिरले. आता रेडिंगला राहून अशाच सुट्या कुटुंबांचे बेत आखून देते. माझ्या मते तुमचं आणि काकूंचं भांडण खोटं आहे. सतरा दिवसांपैकी तीन-चार दिवस असे आहेत की ते दुसऱ्याच्या हाती सोपवलेले बरे, बाकीचे दिवस तुम्ही निवांत स्वतः फिरू शकता. ते तीन-चार दिवस कोणते, हा खरा प्रश्न. पण त्याच्याही आधी महिना ठरवायला हवा.

नोव्हेंबरच्या मध्यावर लंडनला सव्वाचारच्या आत सूर्य मावळतो. डिसेंबरच्या मध्यावर तर चारच्याही आधी. मार्चच्या दहा तारखेच्या आसपास हाच सूर्य सहाला मावळतो आणि सकाळी साडेसहाला उजाडतं. विमानाचं भाडं आणि हॉटेलचे दर दोन्ही वेळी कमी असतात, पण मार्चमध्ये त्याच पैशांत दिवसाला दोन तासांहून जास्त उजेड पदरात पडतो. शिवाय बऱ्याच जुन्या हवेल्या नोव्हेंबरपासून बंद असतात किंवा फक्त बागा उघड्या ठेवतात, त्या मार्चमध्ये हळूहळू उघडू लागतात. डॅफोडिल्स रस्त्याच्या कडेनेसुद्धा फुललेले असतात. म्हणून माझं मत मार्चचे पहिले तीन आठवडे. फेब्रुवारीचा मध्य टाळा. शाळांना आठवडाभर हाफ-टर्मची सुट्टी असते आणि ऑफ सीझन असूनही हॉटेलं त्या आठवड्यात भाव खातात. ईस्टर दर वर्षी सरकतो, तेव्हा तोही कॅलेंडरमध्ये बघून घ्या. नोव्हेंबरच्या बाजूने एकच गोष्ट आहे, ख्रिसमसची रोषणाई आणि बाजार. त्याची हौस असेल तर नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा घ्या, पण मग खेड्यापाड्यांचा भाग जवळजवळ सोडून द्या आणि शहरांतच राहा.

थंडीबद्दल काकूंना सांगा, बर्फात गाडली जाण्याची भीती नको. दुपारी दहा-अकरा अंश, रात्री तीन-चार. निफाडची जानेवारीतली पहाट दिवसभर अंगावर घेऊन फिरायचं, वर भुरभुर पाऊस आणि वारा, असं समजा. त्रास होतो तो वाऱ्याचा. छत्री दोन मिनिटांत उलटी होते. टोपीचं वॉटरप्रूफ जॅकेट, आत थर्मल, आणि तळाला चांगली पकड असलेले बूट, एवढं नीट घ्या. साडी नेसायची असेल तर आतून थर्मल लेगिंग्ज आणि लोकरीचे मोजे. मोकळा पदर मात्र जॅकेटच्या आत खोचायचा.

आता टूरकडे. लंडनहून एका दिवसात 'विंडसर, स्टोनहेंज, बाथ' करणाऱ्या मोठ्या कोचच्या सहली वर्षभर मिळतात, आणि पहिल्यांदा येणारे बहुतेक जण हीच घेतात. तिन्ही ठिकाणं पाहण्यासारखी आहेतच. पण हा दिवस कसा जातो ते सांगते. लंडन ते स्टोनहेंज, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या उभ्या दगडांचं वर्तुळ, सुमारे दोन तास, ट्रॅफिक लागला तर जास्त. कोच थांबतो तो व्हिजिटर सेंटरजवळ. दगड तिथून दोन किलोमीटरपेक्षा लांब आहेत, २०१३ साली नवीन सेंटर बांधलं तेव्हापासून मध्ये शटल बस आहे. समजा थांबा दीड तासाचा दिलाय. उतरून आधी सगळा ग्रुप टॉयलेटच्या रांगेत. मग तिकीट, मग शटलची रांग, मग बस. दगडांपाशी उतरलात की समोर उघडं माळरान, आडोसा म्हणून एक झाड नाही, वारा थेट तोंडावर. दोराच्या बाहेरून गोल फिरायचं. अर्ध्या फेरीत हात खिशात जातात, फोटो काढणाऱ्याची बोटं चालेनाशी होतात, आणि गाइडने दिलेली वेळ संपत आलेली असते. परत शटलची रांग. पंधरा-वीस मिनिटं खरी पाहण्यात गेली. मग बाथला पोहोचेपर्यंत दुपार उलटते, आणि नोव्हेंबर असेल तर तिथून निघताना दिवे लागलेले.

कोचवाला यात मुद्दाम घाई करत नाही. ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवली की किमान पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते, आणि दिवसाचं एकूण ड्रायव्हिंग साधारण नऊ तासांत बसवावं लागतं. 'जरा पाच मिनिटं थांबा ना' हे इथे चालत नाही. ग्रुपांबरोबर असताना मला हे रोज कुणाला तरी समजवावं लागायचं.

मग उपाय काय? टूर लंडनहून घेऊ नका, जवळच्या गावात मुक्काम करून तिथून घ्या. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून बाथ रेल्वेने दीड तासाच्या आत आहे. बाथला तीन रात्री राहा. तिथून सकाळी निघणाऱ्या छोट्या मिनीबसच्या सहली असतात, पंधरा-सोळा माणसं, ड्रायव्हरच गाइड. एका दिवसात स्टोनहेंज, एव्हबरी, लॅकॉक आणि कॅसल कूम असा मार्ग बऱ्याच जणांचा असतो. स्टोनहेंज तिथून तासाभरावर, म्हणजे सकाळच्या ताज्या वेळेत होतं. एव्हबरीलाही असंच दगडांचं वर्तुळ आहे, पण भोवती दोर नाही, हात लावता येतो, तिकीटही नाही. मला विचाराल तर स्टोनहेंजपेक्षा तिथेच लोक जास्त रमतात. लॅकॉक हे जवळजवळ सगळं गाव नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या मालकीचं आहे. तिथल्या ॲबीच्या (जुन्या मठाच्या) खिडकीचा १८३५ सालचा फोटो-निगेटिव्ह जगातला सर्वांत जुना टिकलेला कॅमेरा-निगेटिव्ह मानला जातो. तुम्हाला फोटोग्राफीची आवड आहे असं लिहिलंय, तर गाइडला आधीच सांगून ठेवा, मार्चमध्ये गर्दी नसली की ते पाच-दहा मिनिटं इकडची तिकडे करतात. मिनीबसचा हाच फायदा.

दुसरा दिवस कॉट्सवोल्ड्ससाठी, म्हणजे जुन्या दगडी खेड्यांच्या टेकड्यांच्या भागासाठी, द्या, तोही मिनीबसनेच. बिबरी, बोर्टन, स्टो या गावांना रेल्वे नाही. मोरटन-इन-मार्शपर्यंत ट्रेन जाते, पण पुढच्या बसचं वेळापत्रक विरळ, रविवारी तर नसल्यासारखंच. चुकलात तर दीड-दोन तास थंडीत थांब्यावर. इथे स्वतः फिरण्याचा हट्ट केलात तर पाहण्यापेक्षा बसची वाट बघण्यातच दिवस जाईल. भाड्याची गाडी घ्यावी का, असंही तुम्ही विचारलंय. भारतीय लायसन्सवर बारा महिन्यांपर्यंत इथे गाडी चालवता येते, आणि डाव्या बाजूचीच सवय असल्याने तेवढं सोपं. पण कॉट्सवोल्ड्सचे आतले रस्ते एका गाडीच्या रुंदीचे, दोन्ही बाजूंना कुंपणं, आणि पहाटे रस्त्यावर न दिसणारा बर्फाचा पापुद्रा असू शकतो. मुलगी बरोबर असेल आणि ती इथे नेहमी चालवत असेल तर जरूर. तुम्ही दोघंच असाल तर मी नाही म्हणेन.

बाथ शहर मात्र पायी आणि फुकटात. तिथे महापौरांच्या नावाने चालणारे मानद गाइड रोज सकाळी पंप रूमच्या बाहेरून लोकांना फिरवतात. पैसे घेत नाहीत, टिपही घेत नाहीत. हे गाइड म्हणजे बरेचसे निवृत्त, गावावर प्रेम असलेले लोक. फेरी साधारण दोन तासांची असते आणि रॉयल क्रेसेंट या अर्धगोल इमारतीकडे चढ आहे, तेव्हा काकूंचा गुडघा कुरकुरला तर मधूनच निरोप घ्या, कुणाला राग येत नाही. मग रोमन बाथ्समध्ये जा. तिकिटात ऑडिओ गाइड असतो, तो थांबवून थांबवून आपल्या वेगाने ऐकता येतो. इंग्रजी गाइडचे उच्चार कानावर बसायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून पहिल्याच दिवशी मोठ्या कोचमध्ये माइकवरचं भरभर बोलणं ऐकायला बसू नका.

लंडनला टूर लागत नाही. तिथे फक्त एखादी फेरी जाणकार माणसाबरोबर करा. टॉवर ऑफ लंडनमध्ये यीओमन वॉर्डर म्हणजे तिथले गडद निळ्या-लाल पोशाखातले पहारेकरी फिरवतात, ते तिकिटातच आलं. कोहिनूर तिथेच आहे, आणि मार्चमध्ये दागिन्यांच्या दालनासमोरची रांग उन्हाळ्याच्या मानाने काहीच नसते. पार्लमेंटच्या आतली गाइडेड टूर बहुतेक शनिवारी असते. ब्रिटिश म्युझियममध्ये स्वयंसेवक एकेका दालनाची अर्ध्या-पाऊण तासाची मोफत ओळख करून देतात. म्युझियम स्वतः फुकट, तसंच नॅशनल गॅलरी आणि व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम). शुक्रवारी ही तिन्ही रात्री उशिरापर्यंत उघडी असतात, त्यामुळे अंधार पडल्यावर काय करायचं हा ऑफ सीझनचा प्रश्न तिथे आपोआप सुटतो. दिवसा बाहेरचं पाहायचं, उजेड गेला की आत शिरायचं, एवढं धोरण ठेवा. आणि व्ही अँड एमध्ये वाघनखं शोधत फिरू नका, ती २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आणली आहेत. वेळ असेल तर १० किंग हेन्रीज रोडला बाबासाहेबांचं घर जरूर बघा. १९२१-२२ मध्ये ते तिथे राहत होते आणि २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. उघडण्याच्या वेळा मुलीला आधी बघायला सांगा.

लंडनमधलं हॉटेल पॅडिंग्टन भागात घेतलंत तर हीथ्रोहून एलिझाबेथ लाइनने अर्ध्या तासात पोहोचता आणि बाथची गाडीही तिथूनच. पण एक गोष्ट पत्राने विचारून घ्या: लिफ्ट आहे का, आणि ती खोलीच्या मजल्यापर्यंत जाते का. त्या भागातली बरीच हॉटेलं जुन्या व्हिक्टोरियन घरांत आहेत. चिंचोळा जिना, वर चौथा मजला, आणि हातात तेवीस किलोची बॅग. काकूंची सहल तिथेच संपेल. शहरात फिरताना ट्यूबपेक्षा (भुयारी रेल्वेपेक्षा) लाल बस घ्या. जुन्या ट्यूब स्टेशनांत पायऱ्या फार. बसमध्ये वरच्या मजल्यावर काकूंना चढवू नका, खालीही खिडकी असते. दोघांनी आपापलं वेगळं कार्ड टॅप करायचं, आणि आंतरराष्ट्रीय कॉन्टॅक्टलेस व्यवहार बँकेतून चालू करूनच निघायचं.

आता दिवसांची मांडणी. हिवाळ्यात हे महत्त्वाचं ठरतं आणि फार कमी जण लक्ष देतात. बाथ आणि यॉर्क ही इंग्रजांची वीकेंडची गावं. शुक्रवार-शनिवारी दर चढतात, सोमवार ते गुरुवारी उतरतात. लंडनच्या हॉटेलांचे रविवारचे दर बऱ्याचदा सगळ्यांत कमी. म्हणून वीकेंड लंडनला किंवा मुलीच्या घरी, आणि मधले वार बाथला. रेल्वेची दुरुस्तीची कामं रविवारी काढतात, मग गाडीऐवजी 'रिप्लेसमेंट बस'मध्ये बसवतात. सामानासकट असा प्रवास नको, म्हणून गाव बदलायचं ते रविवारी नको, सोमवार ते शुक्रवारातच. बाथहून लीड्सला जायला परत लंडनला यायची गरज नाही. बाथहून ब्रिस्टल पाव तासावर, आणि ब्रिस्टलहून लीड्सला थेट गाडी आहे, चारेक तासांची. लोक नकाशा न बघता लंडनमार्गे तिकीट काढतात आणि स्टेशनं बदलण्यात दमतात.

तिकिटांसाठी तुम्ही दोघांत एकच 'टू टुगेदर' रेलकार्ड घ्या. ३५ पौंड, वर्षभर चालतं, परदेशी पाहुण्यांनाही मिळतं, दोघं बरोबर प्रवास करताना भाड्यात एक तृतीयांश सूट. अट एवढीच की सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधीच्या गाडीला ते चालत नाही, आणि सुट्टीवर असताना त्याआधी निघायचं कशाला! सीनियर रेलकार्ड साठीनंतर मिळतं, पण ते प्रत्येकाला वेगळं घ्यावं लागतं. 'ॲडव्हान्स' तिकिटं साधारण बारा आठवडे आधी खुली होतात आणि खूप स्वस्त असतात, पण ती त्याच एका गाडीपुरती.

इथेच एक धोका आहे, आणि तो टूर आणि स्वतःचा प्रवास जोडणाऱ्यांनाच असतो. ऑफ सीझनला टूर किमान माणसं न जमल्यास रद्द होऊ शकते. मुक्काम असलेल्या पॅकेज टूरसाठी इथला २०१८ चा नियम असा की सहा दिवसांपेक्षा मोठी सहल असेल तर वीस दिवस आधी, दोन ते सहा दिवसांची असेल तर सात दिवस आधी त्यांनी कळवायचं आणि पैसे परत द्यायचे. त्यांचे पैसे परत मिळतील, पण त्या टूरला धरून तुम्ही काढलेलं रेल्वेचं आणि हॉटेलचं काय? ते बुडालं. म्हणून बुक करण्याआधी एकच प्रश्न विचारा: ही तारीख नक्की निघणार आहे का, की माणसं जमल्यावर? 'गॅरंटीड डिपार्चर' असं लेखी मिळालं तरच भोवतीची तिकिटं काढा. एक दिवसाच्या मिनीबसमध्ये नुकसान कमी, कारण रद्द झाली तर दुसऱ्या दिवशीची मिळते. तीन रात्री बाथला राहा असं मी म्हणते ते यासाठीही.

काकूंना आपल्याकडचा मराठी ग्रुप, मराठी टूर मॅनेजर आणि वरण-भात हवा असेल, तर तो विचार चुकीचा नाही. फक्त तसे ग्रुप इंग्लंडला बहुतेक एप्रिलनंतर निघतात, मार्चमध्ये पर्याय कमी. आणि मुलगी इथेच असताना शेवटी आधार तिचाच असणार आहे.

लीड्सला पोहोचल्यावर वेग कमी करा. यॉर्क अर्ध्या तासाच्या आत आहे. तिथेही स्वयंसेवक गाइडांची मोफत फेरी आहे, १९५१ पासून चालू, आर्ट गॅलरीसमोरून सकाळी निघते. तटबंदीवरून चालायचा मोह होईल, पण चढायला उंच दगडी पायऱ्या आहेत, बऱ्याच भागात आतल्या बाजूला कठडा नाही, आणि बर्फ पडला की ती बंदच करतात. काकूंनी खालून बघावी आणि रेल्वे म्युझियममध्ये बसावं, तेही फुकट आहे. लीड्सहून पंधरा मिनिटांवर सॉल्टेअर आहे, एका गिरणीमालकाने १८५० च्या दशकात कामगारांसाठी वसवलेलं अख्खं गाव, २००१ पासून जागतिक वारसा यादीत. सपाट नाही, पण छोटं आहे. मुलीची रजा असेल ते दोन दिवस यॉर्कशायर डेल्स या डोंगरदऱ्यांच्या भागासाठी राखून ठेवा, तिथे गाडी लागतेच. आणि परतीचं विमान मँचेस्टरहून बघा. लीड्सहून मँचेस्टर विमानतळापर्यंत थेट रेल्वे आहे. लंडनला उतरून मँचेस्टरहून परत, असं तिकीट एकत्र काढलं तर बहुधा फार फरक पडत नाही, आणि परत लंडन गाठायचा एक दिवस वाचतो.

थोडक्यात: पहिले सहा दिवस लंडन, स्वतः, मध्ये टॉवर आणि एखादी गाइडेड फेरी. मग मंगळवारी बाथ, तीन रात्री, त्यात दोन दिवस मिनीबस. मग शुक्रवारी लीड्स, आणि उरलेले दिवस मुलीकडे. क्रमही असाच ठेवा: आधी व्हिसा, तो प्रवासाच्या तीन महिन्यांच्या आत मागता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. तो येईपर्यंत फुकट रद्द करता येणारी हॉटेलं धरा. मग विमान, मग टूर नक्की, आणि सगळ्यांत शेवटी रेल्वे. विमा दोघांचाही हवा, जुन्या आजारांसकट. हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं तर पाहुण्यांना इथे फुकट नसतं.

जेवणाचं शेवटी लिहिते, कारण ते तुम्हाला वाटतं तेवढं अवघड नाही. प्रत्येक खोलीत किटली असते आणि प्रत्येक पबमध्ये निदान एक शाकाहारी पदार्थ. अडचण वेळेची: खेड्यातल्या पबचं स्वयंपाकघर दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतं ते संध्याकाळी सहालाच उघडतं, काही तर सोमवारी बंदच. तेव्हा जेवण दुपारी एक वाजताच उरका. मार्चमध्ये बहुधा इथला मदर्स डे येतो, त्या रविवारी जागा मिळणार नाही. सामानात मेतकूट, चिवडा, भाकरवडी, चकली, कोरड्या चटण्या बिनधास्त न्या. पण मुलीसाठी पेढे, खवा, घरचं तूप, श्रीखंड यातलं काही नको. भारतातून दुधाचे पदार्थ आणायला इथे बंदी आहे. ताजा कढीपत्ता आणि फळंही घरीच ठेवा. विमानतळावर काढून टाकतात, आणि मुलगी राहते तिथे लीड्समध्ये देशी दुकानात कढीपत्ता मिळतोच.